र. कृ. जोशी : संगणकाला मराठी अक्षरं देणारे मास्तर



शाळेच्या संगणकावर मराठी टाईप करताना वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं, ‘मंगल’. निकालपत्रक असो, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त असो की शालेय पोषण आहाराचा हिशेब, गेली बरीच वर्षं आपण याच अक्षरांत काढली. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, चित्राखाली चित्रकाराची सही असते. पण हे ‘अ आ इ ई’ कुणी काढलं, असं वर्गात विचारलं तर मुलं काय सांगतील? बहुतेक मुलं म्हणतील, कॉम्प्युटरमध्ये असतंच ते! आपणही मनातून तेच मानत असतो.

ते असतंच असं नाही. ते एका माणसानं, आपल्या सहकाऱ्यांना हाताशी धरून, रेषा रेषा ओढून काढलेलं आहे. त्यांचं नाव रघुनाथ कृष्ण जोशी. मराठी वाङ्मयाच्या जगात ते र. कृ. जोशी, आणि विद्यार्थ्यांमध्ये जोशी सर. ५ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेले. आज तुमच्या वर्गात बसलेलं एकही मूल तेव्हा जन्मलेलं नसेल.

सॉफ्टवेअर बनवणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंजिनिअर येतो. जोशी सर इंजिनिअर नव्हते. त्यांचा जन्म १९३६ चा. शिक्षण मुंबईत, सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत. पुढे ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले. आधी डी. जे. कीमर या कंपनीत, मग १९६१ मध्ये सुरू झालेल्या उल्का या जाहिरात संस्थेत, आणि तिथे त्यांनी वीसेक वर्षं काढली. जाहिरातीतली अक्षरं तेव्हा बरीचशी हातानं काढली जात. वस्तू कोणती, ग्राहक कोण, जागा किती, हे बघून अक्षराचं वळण ठरवायचं, हे त्यांचं रोजचं काम.

हे करता करता त्यांना एक गोष्ट खटकत होती. इंग्रजीत छपाईसाठी शेकडो वळणांची अक्षरं तयार मिळत. आपल्या भाषांकडे निवड फार थोडी. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना देखणं रूप दिलं, हे खरं. पण खिळ्यांच्या छपाईला आपली लिपी जडच जायची. इंग्रजीला २६ मोठी अक्षरं, २६ लहान, आकडे आणि विरामचिन्हं एवढ्यावर भागतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की खिळे जुळवणाऱ्यापुढे शेकडो खण येतात. जोशी सरांनी या अडचणीवर बरीच डोकेफोड केली. भारतातल्या वेगवेगळ्या भाषांना एकाच लिपीत लिहिता यावं म्हणून ‘देशनागरी’ नावाची रचनाही त्यांनी करून पाहिली. सोबत कविता होत्याच. लघुनियतकालिकांच्या त्या काळात ते अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ दाखवणाऱ्या कविता करत. कवितेत अक्षर मोडायचं, वाकवायचं, उलटं टांगायचं, आणि जाहिरातीत तेच अक्षर विकायचं, असे दोन्ही उद्योग एकाच वेळी चालू होते. मला यात विसंगती वाटत नाही. अक्षराचं किती वाकडं केलं तरी ते वाचता येतं, हे ज्याला माहीत आहे, तोच ते सरळ नीट काढू शकतो.

१९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीत औद्योगिक आरेखन केंद्रात प्राध्यापक झाले. म्हणजे वयाच्या सत्तेचाळिशीत जाहिरातीचा जम बसलेला धंदा सोडून मास्तर झाले! तिथे त्यांनी मुलांना बोरू धरायला लावला. बोरूच्या टोकाचा कोन बदलला की रेषेची जाडी बदलते आणि देवनागरीचं सगळं सौंदर्य या जाड-बारीकपणात आहे, ही गोष्ट सांगून कळत नाही, करूनच कळते. (आपल्याकडे सुलेखनाच्या तासाला मुलांना बॉलपेन देतात. बॉलपेननं जाड-बारीक रेषा येतच नाही. मग अक्षर वळणदार कसं येणार? असो.)

त्याच सुमारास मुंबईत जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतं. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथल्या संगणक मंडळींसोबत जोशी सरांनी काम सुरू केलं. संगणकावर अक्षरं रचण्यासाठी ‘विन्यास’ नावाची प्रणाली तिथे उभी राहिली. १९९६ मध्ये आयआयटीतून निवृत्त झाल्यावर ते या केंद्रातच रमले. आता जरा थांबून हे आकडे बघा. ज्या कामामुळे आज आपण त्यांची आठवण काढतो, ते बहुतेक सगळं साठीनंतरचं आहे.

हे काम नेमकं काय होतं, ते आपण शिक्षकांनी समजून घ्यायला हवं, कारण मुलांना ते सहज सांगता येतं.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही कुणाला मराठीत टाईप केलेली प्रश्नपत्रिका पाठवली असेल, तर समोरच्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उघडल्याचं आठवत असेल. असं का व्हायचं? जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी कळतच नसे. त्याला ठाऊक असायची इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट बनवणाऱ्यानं त्यांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत इंग्रजीतलं एखादं अक्षरच साठवलेलं. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही, त्याला आतलं उघडं पडलेलं दिसायचं. त्यामुळे शोध घेता येत नसे, आणि हजेरीपट अकारविल्हे लावायला सांगितलं तर संगणक भलताच क्रम लावायचा. पडद्यावर दिसायचं मराठी, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच.

यावरचा उपाय युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा, ही कल्पना. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. पण क्रमांक दिल्यानं काम संपत नाही, उलट खरी कसोटी तिथेच सुरू होते. तुम्ही ‘कि’ टाईप करता तेव्हा युनिकोडमध्ये आधी ‘क’ साठवला जातो आणि मग पहिली वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. दिसताना मात्र वेलांटी ‘क’च्या आधी यायला हवी. (टंकलेखन यंत्रावर शिकलेले आपले ज्येष्ठ सहकारी अजूनही आधी वेलांटी मारतात आणि मग बिचकतात, ते याच कारणानं.) ‘धर्म’ लिहिताना ‘र’ येतो ‘म’च्या आधी, पण रफार बसतो ‘म’च्या डोक्यावर. ‘क्ष’ला वेगळा क्रमांकच नाही; ‘क’, पाय मोडण्याची खूण आणि ‘ष’ असे तीन एकापाठोपाठ आले की त्यांचा ‘क्ष’ करायचा. हे सगळे नियम फॉन्टनं आणि संगणकातल्या अक्षरजुळणीच्या प्रणालीनं मिळून पाळायचे असतात. फॉन्ट म्हणजे नुसता चित्रांचा संच नव्हे, त्याच्या पोटात लिपीचं व्याकरण लिहिलेलं असतं. म्हणून फॉन्ट हे एक सॉफ्टवेअरच आहे.

मराठीसाठी यात एक खास गाठ आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एक समुद्र, दुसरं डोंगरातलं. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीला त्यावाचून चालत नाही. इंजिनिअरला हे कोण सांगणार? त्याला यादी हवी असते : कोणती अक्षरं एकमेकांना जोडतात, कशी जोडतात, कुठे एकाखाली एक बसतात, कुठे शेजारी, उकार कुठे सरकतो. ही यादी बोरू घेऊन चाळीस वर्षं अक्षरं काढलेल्या माणसाकडेच असू शकते. १९९९ मध्ये जोशी सरांनी केंद्रातल्या सहकाऱ्यांसोबत भारतीय लिप्यांची जुळणी संगणकानं कशी करावी यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अक्षरं काढणारा माणूस आणि आज्ञावली लिहिणारी माणसं एकत्र बसली की काय होतं, त्याचा तो नमुना आहे.

मग आला मंगल. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली आणि तिथले अक्षराकार जोशी सरांचे होते. पुढच्या काही वर्षांत सहकाऱ्यांच्या मदतीनं तमिळसाठी लता, गुजरातीसाठी श्रुती, पंजाबीसाठी रावी, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा, मल्याळमसाठी कार्तिका, बंगालीसाठी वृंदा असे एकेक फॉन्ट आले. म्हणजे देशाच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या लिप्या एका मराठी मास्तराच्या हाताखालून गेल्या. मंगल फार देखणा नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. लग्नपत्रिकेवर तो सपक दिसतो हे मलाही मान्य. पण तो पत्रिकेसाठी नव्हताच. तेव्हाच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर, अगदी लहान आकारात, ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखू यावेत, ही त्याची पहिली जबाबदारी होती, आणि ती त्यानं पार पाडली. सरकारी टंकलेखन परीक्षांच्या सूचनांमध्येही हे नाव जाऊन बसलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पुढची फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

मंगल हा मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. विंडोजसोबत तो आपल्याला मिळतो, पण उघडून त्यातलं अक्षर बदलायची, दुरुस्त करून दुसऱ्याला द्यायची परवानगी नाही. कंपनीनं पैसे मोजून काम करून घेतलं, त्यात गैर काहीच नाही. पण त्याच काळात केंद्रात ‘इंडिक्स’ नावाचं दुसरं काम चालू होतं, लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याचं. लिनक्स ही १९९१ मध्ये सुरू झालेली खुली संगणक प्रणाली. तिची आज्ञावली कुणालाही बघता येते, बदलता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी यासाठी एक परवाना तयार केला होता, जीपीएल नावाचा. त्याचा मथितार्थ साधा आहे : वापरा, आत काय आहे ते बघा, बदला, वाटा, मात्र बदललेलं वाटताना पुढच्यालाही हेच सगळे हक्क द्या. या प्रणालीला भारतीय अक्षरं हवी होती, आणि जोशी सरांनी रचलेले फॉन्ट या परवान्याखाली खुले झाले. नाव त्यांच्याच नावावरून, ‘रघु’.

एकाच हातानं काढलेली दोन अक्षरं, एक कुलपात आणि एक ओट्यावर. दोघांचं पुढे काय झालं ते बघा.

मंगल लाखो संगणकांवर पोचला, रघु त्या मानानं फारच थोड्यांवर. हे मान्य करायलाच हवं. पण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा कंपनीनं भारतीय भाषांसाठी निर्मला नावाचा नवा फॉन्ट पुढे आणला, आणि विंडोज १० मध्ये तर मंगल वेगळा मागवून घ्यायच्या यादीत गेला. निर्णय कंपनीचा, आपण कोण विचारणार!

रघुचं तसं झालं नाही. त्यातला मल्याळम फॉन्ट, रघुमलयाळमसान्स, केरळातल्या स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या स्वयंसेवकांच्या गटानं सांभाळायला घेतला. २००२ मध्ये सुरू झालेला हा गट, त्यात विद्यार्थी, नोकरदार, भाषेवर प्रेम करणारी साधी माणसं. केरळ सरकारनं १९७१ मध्ये मल्याळम लिपी सोपी केली होती. उकारासारख्या खुणा अक्षराला न चिकटवता वेगळ्या लिहायच्या. रघु त्या सुधारित वळणाचा आहे. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या संचांमध्ये तो या गटाच्या नावासह समाविष्ट झाला. मूळ रचनाकार म्हणून जोशी सरांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं नाव त्यासोबत राहिलं. मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाची मल्याळम अक्षरं तो माणूस गेल्यावरही मल्याळी पोरं सांभाळतात, आणि त्यासाठी त्यांना कुणाच्या दारात परवानगी मागायला जावं लागत नाही.

आता हे आपल्याकडे कुठे लागू पडतं, ते सांगतो. बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातलं गाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या वर्गांत मराठीसोबत बंजारा मुलं असतात, कुठे कोलामी, कुठे गोंडी बोलणारी. या बोली आपण मराठी अक्षरांतच लिहून घेतो. उद्या एखाद्या बोलीतला उच्चार दाखवायला अक्षराखाली एखादी खूण हवी झाली, तर बंद फॉन्टपुढे आपण हात जोडून उभे. खुल्या फॉन्टमध्ये ती खूण यवतमाळच्या कॉलेजातला एखादा मुलगाही बसवून देऊ शकतो. ही हवेतली गोष्ट नाही. ६ नोव्हेंबर २००९ ला महाराष्ट्र शासनानं मराठी वर्णमालेचा निर्णय काढला आणि पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ वापरायला सांगितलं, हे तुम्हाला आठवत असेल. आपण फळ्यावर दुसऱ्या दिवशी ‘ल’ बदलू शकलो. संगणकातला ‘ल’ मात्र ज्याच्या मालकीचा, त्यानंच बदलायचा. फॉन्ट खुला असेल तर तोही आपला फळाच.

आणि एक प्रश्न तुम्हाला विचारतो, रागावू नका. आपण शिक्षक मंडळी एकमेकांना स्वाध्यायपत्रिका पाठवतो. किती जण ती बदलता येईल अशी पाठवतो? बहुतेकदा पीडीएफ, त्यावर आडवं मोठं नाव, कधी मोबाईल नंबर. दुसऱ्या शाळेतल्या बाईंना त्यातलं ‘मुंबईची लोकल’ काढून ‘दारव्ह्याची एसटी’ घालायचं असेल तर सगळं पहिल्यापासून टाईप करायचं. आपलं नाव पुसलं जाईल ही भीती समजते. पण रघुच्या परवान्यात नाव पुसायची मुभा नाहीच, फक्त कुलूप काढलेलं आहे. नाव राहतं आणि कामही चालू राहतं, हे दोन्ही जमवता येतं.

वर्गात करायचं असेल तर एक सोपा उपक्रम देतो, पाचवीपासून पुढे चालेल. मुलांना ‘र’ची जेवढी रूपं सापडतील तेवढी वर्तमानपत्रातून कापून आणायला सांगा. रथ, प्रकाश, ट्रक, धर्म, सुऱ्या, रुपया, रूप. मग विचारा, आवाज एकच तर रूपं एवढी का? त्यानंतर तेच शब्द संगणकावर एकेक कळ दाबत टाईप करून दाखवा, आणि अक्षर कोणत्या क्षणी रूप बदलतं ते मुलांना बघू द्या. ‘ट्रक’मधला ‘र’ ‘ट’च्या खाली जाऊन बसतो तेव्हा मुलं हमखास ओरडतात. तिथे जोशी सरांचं नाव सांगा. पुढचा तास बोरूचा घेता आला तर उत्तम. बाभळीच्या काडीचं टोक तिरकं कापलं तरी चालतं.

शेवटची काही वर्षं जोशी सर वेदांच्या अक्षरांत गुंतले होते. वैदिक संस्कृतात स्वर वर जातो की खाली, हे दाखवायला अक्षराच्या वर-खाली बारीक खुणा असतात आणि वेगवेगळ्या शाखांच्या पोथ्यांत त्या वेगवेगळ्या दिसतात. युनिकोडमध्ये त्यातल्या बहुतेक खुणांना क्रमांकच नव्हते. क्रमांक नाही म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं ती खूण अस्तित्वातच नाही. पोथ्या तपासून प्रत्येक खुणेचं रूप ठरवणं आणि ती युनिकोडच्या समितीला पटेल अशी मांडणं, हे काम किती किचकट असेल, कल्पना करा. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. वैदिक खुणांचा स्वतंत्र विभाग युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत आला, ऑक्टोबर २००९ मध्ये. आज एखादा विद्यार्थी मोबाईलवर वैदिक मंत्र स्वरचिन्हांसकट वाचतो, तेव्हा त्यातल्या काही खुणा याच विभागातल्या असू शकतात.